खांडपाड्याची धवलेरी

नवसीनं नाव घेतल्याशिवाय खांडपाड्यात देव येत नसे, आणि देव आल्याशिवाय कुणाचं लग्न लागत नसे. मासवणच्या वरच्या अंगाला सूर्या नदी ओलांडून डोंगराकडे चढलं की हा पाडा लागतो. घरं सारी बावीस, देव मात्र तिसांच्या वर. वारल्यांच्या लग्नात भटाचं काही काम नसतं. लग्न लावते ती धवलेरी. मांडवात बसून ती एकेका देवाला गाण्यातून बोलावते, आणि एक जरी राहिला तरी लग्न कच्चं धरतात. नवसीनं हे सासूकडून उचललं होतं. पंधरा वर्षांत तिनं किती लग्नं लावली याचा हिशेब तिनं ठेवला नव्हता, पण त्यातलं एकही मोडलं नाही हे ती चारचौघांत ऐकवायची. गर्व होता तिला. असायलाच हवा होता.

दुखणं लागलं त्यालाही आता तीन वर्षं झाली होती. सकाळी उठावं तर बोटं मिटलेली. चुलीत सारायला काटकी धरता येत नसे. ऊन अंगणात उतरेपर्यंत हात दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे वाटत, मग हळूहळू सुटत. तिचा नवरा गोमा आधी हसायचा. "सकालची कामं टालाया बरा रोग काढलास," म्हणायचा. मग एका सकाळी तिला लुगडं नेसता येईना, तिनं त्यालाच हाक मारली, आणि त्या दिवसापासून तो हसला नाही. निगडीचा पाला गरम करून बांधला, भगताचा अंगारा लावला, दोन्ही मनगटांवर तापल्या विळ्याचे डाग घेतले. डाग बरे झाले, दुखणं राहिलं. बोटं करंगळीच्या बाजूला कलत गेली आणि तशीच बसली. गळा मात्र शाबूत होता, म्हणून लग्नं चालू होती.

सत्त्याऐंशीच्या आषाढात भाताची आवणी आली. आवणी पाडा मिळून करतो, आज ह्याच्या शेतात, उद्या त्याच्या. नवसी चिखलात वाकली तेव्हा डावं पाऊल उचललंच जाईना. ते पुढून लोंबत होतं, प्रत्येक पावलाला फटक-फटक चिखलात आपटत होतं. रोपांची जुडी तिनं दोन मनगटांत धरली आणि एकेक रोप दातांनी ओढून काढलं. शेजारची ओळ पुढे गेली, तिची मागे राहिली. कुणी काही बोललं नाही, पण तिची राहिलेली ओळ दोघींनी मागे येऊन पुरी केली, आणि ते तिला बोलण्यापेक्षा लागलं. नखांच्या कडेला काळे ठिपके आले होते. घोट्यावर एक जखम होती, रुपयाएवढी, काठ जांभळे, मधून ओली. पावसानं बरी होत नसेल असं ती म्हणत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस असा आला की सगळ्यांना शेत सोडावं लागलं. गोमाची मोठी बहीण बायडी, तिच्या घरात चुलीभोवती आठ-दहा बाया अंग सुकवत बसल्या. गप्पा चालल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, काय करपतंय गं? बायडीनं मडक्यात पाहिलं, मडकं ठीक होतं. मग तिची नजर खाली गेली. नवसीचा डावा पाय चुलीतून घरंगळलेल्या निखाऱ्यावर टेकला होता, कातडी चरचरत होती, आणि नवसी मात्र हसत बोलत होती.

"नवसे! पाय!" बायडी ओरडली.

नवसीनं पाय उचलला तो हातांनी. पाहिलं. तिला काहीच जाणवलं नव्हतं. तेच सगळ्यांनी पाहिलं. वाकडी बोटं, न भरणारी जखम, आणि आता भाजलेलं न कळणारं पाऊल. एकीनं शब्द उच्चारला, "रगतपिती," आणि बाया भिंतीला सरकल्या. बायडीही सरकली. नवसीला तो निखारा भाजला नव्हता, नणंदेचं सरकणं भाजलं.

संध्याकाळच्या आत पाड्याचा कारभारी चिंतू दारात आला. वाईट माणूस नव्हता तो. पाड्यात पोरंबाळं होती, त्याची जबाबदारी होती, आणि महारोगाची जी रीत बापजाद्यांनी सांगितली ती त्याला ठाऊक होती. पण आत मात्र आला नाही, अंगणातूनच बोलला.

"गोमा, तुझ्या बायकूला बांधावरच्या माळ्यात ठेव. विहिरीवर यायचं नाय. मांडवात यायचं नाय."

"मांडवात नाय?" नवसी आतून म्हणाली. "मंग लग्नं कोण लावल?"

"मनोरकडची जमना हाय. तिला आणू."

विहीर तोडली तेव्हा ती गप्प राहिली होती. मांडव तोडला तेव्हा तिला रडू फुटलं, आणि ते तिनं लपवलंही नाही.

माळा म्हणजे भाताच्या राखणीसाठी बांधलेली झोपडी, एका माणसाला कशीबशी पुरणारी. गोमानं खाली कूड घातला, वर पेंढा वाढवला, आणि आपलंही अंथरूण तिथंच टाकलं. "तू जा घरात," नवसी म्हणाली. "घरात तानी हाय. हितं ढेकूण कमी हायती," तो म्हणाला. तानी त्यांची पंधरा वर्षांची लेक. आवणीला पाड्यातलं कुणी आलं नाही. बाप-लेकीनं दोघांनीच शेत लावलं. तानी पाण्याला गेली की बाया आपल्या कळशा उचलून बाजूला होत, ती भरून निघाली की परत ठेवत. तानी आईला हे सांगत नसे. पण माळ्यातून विहीर दिसत होती.

भादव्यात सायकलवरून एक माणूस आला. भगवंत त्याचं नाव, लातूरकडचा, राहायचा बोईसरजवळ सरावलीला. सरकारी कुष्ठरोग तपासणीवाला. पाड्यापाड्यात जाऊन लोकांचं अंग उघडून चट्टे बघायचे हे त्याचं काम, त्यामुळे कुणी त्याला चहा देत नसे. चिंतूनं त्याला लांबूनच माळा दाखवला.

भगवंत माळ्यात शिरला तो थेट नवसीच्या समोर मांडी घालून बसला. दोन महिन्यांत गोमा आणि तानीखेरीज इतक्या जवळ कुणी बसलं नव्हतं. त्यानं पिशवीतून कोंबडीचं पीस काढलं. "डोळे मिटा बाई. लागलं की सांगा."

पाठीवर कळलं, दंडावर कळलं, वाकड्या बोटांवरही कळलं. फक्त डाव्या पावलावर आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूला नाही. मग त्यानं कोपराच्या मागची शीर चाचपली, अंगभर चट्टे शोधले, आणि शेवटी मनगटाच्या सुजेवर हात ठेवला. नवसी कळवळली.

"दुखतंय?"

"दुखतंय काय, साहेब! आंग सगलं दुखतंय. रातभर कुशी बदलता येत नाय."

भगवंतनं हात मागे घेतला. "बारा वर्षं झाली मला ह्या कामात. महारोग असा दुखत नसतो बाई. तुमचा तर सांधा न् सांधा बोंबलतोय. हे दुसरं काहीतरी हाय."

तरी कानाच्या पाळीला बारीक चिरा देऊन त्यानं काचेवर नमुना घेतला. आठ दिवसांनी कागद घेऊन परत आला. महारोग नाही, असं त्यावर लिहिलं होतं. नवसीनं तो कागद उलटा धरून पाहिला आणि तिला इतकं हलकं वाटलं की ती त्याला म्हणाली, साहेब, तुमचं लगीन लावून देते. भगवंत म्हणाला, झालंय, तीन पोरं आहेत.

चिंतूनं कागद पाहिला. आजूबाजूला बायडी होती, आणखी पाच-सहाजण होते. "कागद तुमचा हाय साहेब," तो म्हणाला, "पाडा आमचा हाय. तिचा पाय जळला तो आमच्या बायांनी डोल्यांनी बघितला." भगवंतनं समजावलं, मग चिडला, मग सायकल वळवली. जाताना गोमाला म्हणाला, "ह्यांना राहू दे. पायाचं बोट काळं पडायलंय ते बघ आधी. उद्याच निघायचं."

नदीला पाणी होतं. गोमानं तिला पाठुंगळी घेतलं आणि छातीभर पाण्यातून पलीकडे नेलं. "लगनात पन असा उचलला नवतास मना," ती म्हणाली. "तवा तू चालत होतीस," तो म्हणाला. पालघरच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली, आणि भगवंत स्वतः रजा टाकून त्यांना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पोचवून आला.

तिथं एक डॉक्टरीणबाई होती, उंच, कमी बोलणारी. तिनं नवसीच्या नखांचे काळे ठिपके भिंगातून पाहिले आणि चार शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवले. नवसी म्हणाली, "त्यांना सांगितलंत तसं मना पन सांगा." बाई खाटेच्या कडेवर बसली.

"हा सांध्यांचा वात आहे. फार जोराचा आहे. इतकी वर्षं सांध्यांत होता, आता रक्ताच्या नळ्यांत शिरलाय. नळ्या सुजल्या की पुढं रक्त पोचत नाही. म्हणून जखम भरत नाही, म्हणून बोट काळं. पायाला जाणीव देणाऱ्या शिरेलाही रक्त मिळालं नाही, ती मेल्यासारखी झाली, म्हणून निखारा कळला नाही. कुणाला लागत नाही हा रोग."

"बरा होयाल?"

"वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत. ते खोटं सांगणार नाही. जखम भरेल, पाय कदाचित उचलेल. औषध कडक आहे, नेमानं घ्यायचं. ताडी बंद."

ताडीचं ऐकून गोमाचाच चेहरा पडला.

डाव्या पायाची करंगळी गेली, काढावीच लागली. महिनाभर सलाइनमधून औषध, सकाळी पांढऱ्या गोळ्या. चौथ्या दिवशी नवसी जागी झाली आणि पडल्या पडल्या मूठ मिटली, उघडली. पुरी नाही, पण उघडली. दुखलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा सकाळ दुखल्याशिवाय आली होती. ती कुणालाही न उठवता नुसती हात बघत पडून राहिली. गोळ्यांनी भूक अशी लागली की शेजारच्या खाटेवरची बाई आपली पोळी तिला देऊ लागली. दिवाळीला ती परतली तेव्हा औषधानं तोंड टम्म फुगलेलं, डोईचे केस विरळ झालेले. पाड्यात बोललं गेलं की रगतपिती आता तोंडावर आली.

पुन्हा माळाच. भात कापायलाही कुणी आलं नाही. गोमानं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिचं पाऊल वर ओढून बांधायची युक्ती काढली, आणि ती बांधावरून चालू लागली. महिन्यातून एकदा पालघरला जाऊन सुई घ्यायची, रक्त द्यायचं. घोट्यावरची जखम काठांनी आत सरत गेली. पौषात एका दुपारी उन्हात बसली असताना तिनं सहज डाव्या अंगठ्याकडे पाहिलं आणि त्याला म्हटलं, हल. तो हलला. डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून तिनं परत म्हटलं.

"तानीच्या बापा! ये! अंगठा!"

गोमा विळा टाकून धावत आला, त्याला वाटलं साप. तिनं अंगठा हलवून दाखवला. तो उकिडवा बसून बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिला, मग डोक्याचं फडकं काढून तोंड पुसू लागला. फाल्गुन लागला तोवर पट्टी सुटली होती. जखमेच्या जागी तकतकीत गुलाबी कातडी होती. पाड्याला दाखवावी तर बघायला कुणी बांध ओलांडत नव्हतं.

फाल्गुनातच चिंतूच्या मुलाचं लग्न निघालं. सुका त्याचं नाव, बोईसरच्या कारखान्यात लागलेला, पाड्यातला पहिला पगारी माणूस. नवरी जव्हारकडची. मांडव दणक्यात घातला, मनोरहून जमना धवलेरी आणली. दुपार कलताना तिचं गाणं सुरू झालं आणि वाऱ्यावर माळ्यापर्यंत येऊ लागलं. नवसीनं भात निवडायचं सूप बाजूला ठेवलं.

"जाऊ दे, नको ऐकू," गोमा म्हणाला.

"गला बरा हाय तिचा," नवसी म्हणाली. ती मनात देव मोजत होती. हिरवा आला. नारनदेव आला. हिमाय आली. वाघोबा आला. आणि मग जमनानं एकदम पालघट देवीला हाक घातली. वाघोबा आणि पालघट यांच्या मध्ये खांडीतला चेडा असतो. तो ह्या डोंगराच्या खिंडीतला देव, ह्याच पाड्याचा. मनोरच्या बाईला तो ठाऊक असायचं कारण नव्हतं. नवसीनं ओठ घट्ट मिटून घेतले.

मांडवात गाणं थांबलं. बायडीचा खणखणीत आवाज आला. "चेडा राहला! खांडीतला चेडा राहला!" मग गलका, मग पुष्कळ वेळ कुजबुज. आणि मग बांधावरून चिंतू कारभारी येताना दिसला, नवं धोतर, डोक्याला गुलाबी फडकं. माळ्यापासून दहा हातांवर तो थांबला.

"नवसे, चेडा राहला."

"ऐकला मी."

"जमनाला ठावा नाय. त्याचं गानं सांग, ती म्हनंल."

"सांगून येत नाय तो. मी बोलावते तवा येतो."

"मंग हितूनच म्हन. तुझा आवाज पोचतो तिथवर."

आठ महिने ती ह्या माणसाशी मनातल्या मनात भांडली होती, त्यामुळे तिला शब्द शोधावे लागले नाहीत. "हितून मी कुत्र्यांना हाकलते. देवांना मांडवातून बोलावतात. बोलावायचं आसल तर मी मधे बसन. पंगतीत माझं पान सगल्यांच्या पानाला लागून मांडायचं. आन गाठ माझ्या हातानं मारन."

चिंतूनं तिच्या हातांकडे पाहिलं. देव आल्यावर नवरानवरीच्या पदरांना गाठ मारायची ती धवलेरीनंच, दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. त्या गाठीनं पाच फेरे घ्यायचे. फेऱ्यांत गाठ सुटली तर नवरी त्या साली बापाघरी परत जाते.

"ह्या बोटांनी? सुटली तर?"

"सुटली तर मी ह्या माल्यातून परत कधी भाइर येनार नाय. आन तुमी बोललात तेच खरं, आसं मीच सांगन."

गोमानं तिचा दंड धरला, तो सोडवून ती उठली. चिंतूनं वळून मांडवाकडे पाहिलं. मांडवात वाजंत्री ताटकळली होती, जव्हारचे पाहुणे माना उंच करून बघत होते. शेवटी तो म्हणाला, "चल."

ती चालत गेली. पाऊल आपटत नव्हतं, हे बायांनी आधी पाहिलं. मांडवात वाट झाली, जरा जास्तच रुंद झाली. जमना मात्र हलली नाही. "ये बाय, बस," ती म्हणाली, "माझा बी घसा सुकला." नवसी बसली, डोळे मिटले, आणि वाघोबापासून सुरुवात केली. आठ महिने कोंडलेला गळा तो. पहिल्या ओळीला जरा खरखरला, दुसरीला मोकळा झाला. खांडीतल्या चेड्याला तिनं अशी हाक घातली की म्हाताऱ्यांनी डोंगराकडे वळून पाहिलं. देव आले. एकही राहिला नाही.

मग गाठ. नवरीचा पदर सुती होता, तो बरा. पण सुकानं बोईसरच्या बाजारातून टेरिलिनचा शेला आणला होता, चकचकीत आणि गुळगुळीत. नवसीनं दोन्ही टोकं मनगटांवर घेतली, एकावर एक टाकली, कललेल्या बोटांनी आत सारली, ओढली. शेला सुळकन निसटला. तिनं परत घेतली. परत निसटली. चिंतूच्या कपाळावर घाम आला. नवसीच्याही आला, तो पुसायला हात मोकळा नव्हता.

तिसऱ्यांदा तिनं शेल्याचं टोक तोंडात घातलं. कुणीतरी "आरं" म्हणालं. तिनं ते चांगलं ओलं केलं, दाढेखाली धरलं, पदराचं टोक दोन मनगटांत आवळलं, पायांनी जमीन रेटली आणि मान मागे घेतली. मानेच्या शिरा फुगल्या. आवणीत रोपं अशीच ओढली होती, तेव्हा लाजत ओढली होती, आता सगळ्या मांडवासमोर ओढली. गाठ कचकन आवळली गेली. वरून तिनं दुसरा वेढा दिला, तोही दातांनी.

"चला," ती म्हणाली.

पहिला फेरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला नवरीचा पाय लांब पदरात अडकला. ती पुढे कोलमडली, सुका घाबरून मागे ओढला गेला, आणि टर्रकन आवाज झाला. बायडीनं डोळ्यांवर हात घेतले.

सुकानं खाली पाहिलं. शेल्याचा काठ वीतभर फाटला होता. गाठ जागच्या जागी होती.

त्यानं ती वर धरून सगळ्यांना दाखवली. "बाबा, शेला फाटला! गाठ नाय सुटली!" आणि मांडवातून असा ओरडा उठला की वाजंत्र्यांनी न सांगता वाजवायला घेतलं. उरलेले दोन फेरे पोरांच्या नाचातच झाले. जमना नवसीच्या पाठीवर थापा मारत होती. नवसी हसत होती आणि रडत होती, आणि दोन्हीची तिला बिलकूल लाज वाटत नव्हती.

पंगत बसली. तिचं पान मधोमध मांडलं होतं. डाव्या बाजूला बायडी येऊन बसली, आणि तिनं आपलं पान सरकवून भावजयीच्या पानाला टेकवलं. उजवी जागा रिकामी होती. लोक घुटमळत होते. गोमा उठू लागला, पण त्याच्या आधी चिंतू कारभारी आपलं पान घेऊन आला आणि नवसीला लागून मांडी घालून बसला. गुडघ्याला गुडघा लागला, तो त्यानं मागे घेतला नाही.

सगळे तिच्याकडे बघत होते. देवांच्या नावानं पहिला घास धवलेरीचा असतो.

"बघता काय?" नवसी म्हणाली. "भात वाढा. सकालपासून उपाशी हाय मी."

चिंतूनं वाढप्याच्या हातातली पाटी ओढून घेतली आणि स्वतःच्या हातानं तिच्या पानात भात वाढला, पान दिसेनासं होईपर्यंत.